रिपोर्टमधलं प्रोटीन: लिव्हर आणि हाडांच्या आजारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅबच्या काउंटरवर आणि फोनवर नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांची सुरुवात "डॉक्टर, एक आकडा लाल आलाय" अशीच होते. रिपोर्टमधला एकटा आकडा सहसा काही सांगत नाही. त्याच्या शेजारी कुठला आकडा वाचायचा हे कळलं की अर्धी काळजी तिथेच मिटते, किंवा योग्य ठिकाणी सुरू होते. औषध काय आणि किती, हे मात्र तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.

टोटल प्रोटीन कमी आलंय. मी डाळ-कडधान्य कमी खातो म्हणून का?

बहुधा नाही. रक्तातलं प्रोटीन म्हणजे ताटातलं प्रोटीन नव्हे. रक्तात दोन मोठे गट असतात. पहिला अल्ब्युमिन. ते फक्त लिव्हर बनवतं, दिवसाला साधारण १० ते १५ ग्रॅम. दुसरा ग्लोब्युलिन. यातली काही प्रोटीन लिव्हरमध्ये तयार होतात, पण मोठा वाटा असतो तो अँटिबॉडीजचा, आणि त्या बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी मुख्यतः हाडांच्या मगजात राहतात. म्हणजे 'टोटल' ही दोन वेगळ्या ठिकाणच्या मालाची बेरीज आहे. एक घटलं आणि दुसरं वाढलं तर बेरीज अगदी नॉर्मल दिसते. त्यामुळे टोटलवर नजर टाकून थांबू नका, खालच्या दोन ओळी वाचा.

नॉर्मल किती धरायचं?

प्रौढांमध्ये टोटल प्रोटीन साधारण ६ ते ८.३ ग्रॅम प्रति डेसिलिटर, अल्ब्युमिन ३.५ ते ५, ग्लोब्युलिन २ ते ३.५ आणि एजी रेशो, म्हणजे अल्ब्युमिन भागिले ग्लोब्युलिन, १ पेक्षा जास्त. लॅबनुसार थोडा फरक पडतो, म्हणून तुमच्याच रिपोर्टवर छापलेली रेंज धरा. लंडन किंवा सिडनीतल्या मुलाने पाठवलेल्या रिपोर्टवर अल्ब्युमिन ४२ दिसलं तर दचकू नका. तिकडे ग्रॅम प्रति लिटर लिहितात. आपल्याकडे ते ४.२.

अल्ब्युमिन कमी म्हणजे लिव्हर गेलं का?

लिव्हर हे एक कारण झालं. आमच्याकडे येणाऱ्या कमी अल्ब्युमिनच्या रिपोर्टमध्ये मला आधी लघवीचा रिपोर्ट बघायचा असतो. किडनीची गाळणी फाटली की अल्ब्युमिन लघवीतून वाहून जातं, लिव्हर ठणठणीत असलं तरी. मोठा जंतुसंसर्ग, भाजणं, ऑपरेशन, कुठलाही जुना दाह अशा वेळी शरीर अल्ब्युमिनचं उत्पादन मागे ठेवतं आणि सीआरपीसारख्या, दाहात वाढणाऱ्या प्रोटीनचं वाढवतं. आतड्यातून प्रोटीन गळणं, दीर्घ कुपोषण आणि गरोदरपण हीही कारणं आहेत. गरोदरपणात रक्तातलं पाणी वाढतं, त्यामुळे आकडा पातळ होतो.

लिव्हरचा संशय कधी घ्यायचा? अल्ब्युमिन कमी, ग्लोब्युलिन वाढलेलं, प्लेटलेट कमी आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) वाढलेला, असे चौघे एकत्र आले तर. ही सिरोसिसची, म्हणजे लिव्हर कडक होऊन आकसण्याच्या आजाराची, नेहमीची चौकट. सिरोसिस किती पुढे गेला आहे हे मोजायच्या चाइल्ड-प्यू स्कोअरमध्येही अल्ब्युमिन आहेच: ३.५ च्या वर १ गुण, २.८ ते ३.५ मध्ये २, त्याखाली ३. सोबत बिलिरुबिन (काविळीचा आकडा), आयएनआर, पोटातलं पाणी आणि मेंदूवरचा परिणाम. जितके गुण जास्त तितकी अवस्था वाईट.

कावीळ झालीय, बिलिरुबिन १२ आहे, पण अल्ब्युमिन नॉर्मल. म्हणजे लिव्हर सुखरूप?

या प्रश्नावर मी फोन पटकन ठेवत नाही. अल्ब्युमिनचं अर्धायुष्य जवळजवळ तीन आठवडे. लिव्हरने आज काम थांबवलं तरी आधी बनवलेला साठा रक्तात फिरत राहतो आणि आकडा आठवडाभर छान दिसतो. ताज्या काविळीत लिव्हर काम करतंय की नाही हे सांगणारा आकडा आयएनआर, म्हणजे प्रोथ्रॉम्बिन टाइम. रक्त गोठवणारी बरीचशी प्रोटीन लिव्हरच बनवतं आणि त्यातल्या फॅक्टर ७ चं अर्धायुष्य काही तासांचंच. त्यामुळे पडझड तिथे आधी दिसते.

कावीळ असताना आयएनआर १.५ किंवा त्याच्या पुढे गेला, आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, दिवसा झोपून रात्री जागू लागला, तर हॉस्पिटल त्याच दिवशी गाठायचं. कावीळ उतरवणाऱ्याकडे हातावर चुना चोळून पिवळं पाणी काढून घेण्यात असे दिवस गेलेले रुग्ण लिव्हरच्या डॉक्टरांना नेहमी भेटतात. साधी हिपॅटायटिस ए ची कावीळ बहुतेकांची आपोआप उतरते, म्हणून त्या चुन्याचं नाव झालं आहे.

एसजीपीटी वाढलंय. ते लिव्हरचं काम दाखवतं ना?

काम नाही, इजा दाखवतं. एसजीपीटी आणि एसजीओटी ही लिव्हरच्या पेशींच्या आतली एन्झाइम. पेशी फुटल्या की रक्तात येतात. जळून गेलेल्या लिव्हरमध्ये फुटायला पेशीच उरल्या नाहीत तर एसजीपीटी खाली येतं, आणि नातेवाईक पेढे वाटायच्या बेतात असतात. अशा वेळी आयएनआर चढत असेल तर ते घसरणं चांगलं लक्षण नाही.

एसजीओटी स्नायूंमध्येही असतं. जिममध्ये पहिल्यांदाच जोर लावून आलेल्या मुलाचं एसजीओटी वाढलं तर आधी सीपीके, म्हणजे स्नायूंच्या इजेची टेस्ट, करा. दोन्ही वाढलेली असून एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असेल तर दारूबद्दल विचारावंच लागतं. उत्तर खरं मिळेलच असं नाही.

टीबीची औषधं, म्हणजे एकेटी, सुरू असेल तर नियम साधारण असा: मळमळ, उलटी, कावीळ अशी लक्षणं असून एसजीपीटी नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट, किंवा लक्षणं नसून पाचपट झालं, की लिव्हरला बाधणाऱ्या गोळ्या थांबवून डॉक्टर पुन्हा एकेक सुरू करतात. ते ठरवणं डॉक्टरांचं. स्वतः गोळ्या बंद केल्या तर टीबी औषधांना दाद देईनासा होतो.

काढे घेत असाल तर तेही सांगा. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद छापली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, वाद रंगला. मला एवढंच म्हणायचं आहे की 'फक्त घरगुती काढा' हाही औषधांच्या यादीत लिहायचा.

मग फॅटी लिव्हर किती बिघडलंय हे कसं कळणार?

फिब-४ नावाचं गणित आहे. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट आणि एसजीपीटीचं वर्गमूळ यांचा गुणाकार. उत्तर १.३ च्या खाली आलं तर लिव्हर कडक होण्याची, म्हणजे फायब्रोसिसची, शक्यता कमी. २.६७ च्या वर गेलं तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी, करून घ्या. पस्तिशीच्या आत हे गणित नीट चालत नाही आणि पासष्टीपुढे वयामुळेच आकडा फुगतो. वेगळा खर्च काही नाही, सगळे आकडे नेहमीच्या रिपोर्टमध्येच असतात.

अंड्याचा पांढरा भाग खाल्ला की अल्ब्युमिन वाढतं का? की बाटली लावून घेऊ?

अंड्यातलं अल्ब्युमिन वेगळं, आणि ते पोटात गेलं की इतर कुठल्याही प्रोटीनसारखं पचतं. पण अंडी बंद करू नका. सिरोसिसच्या रुग्णाला दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन हवं असतं. 'लिव्हर खराब, डाळ बंद' हा जुना सल्ला आता कोणी देऊ नये, कारण त्याने स्नायू झडतात. शाकाहारी घरात डाळ, दही, पनीर, सोयाबीन चालतं. झोपण्याआधी थोडं खाणंही महत्त्वाचं, कारण अशा लिव्हरमध्ये रात्रभराच्या उपासाला पुरेल एवढा साखरेचा साठा नसतो.

शिरेतून देतात ते अल्ब्युमिन महाग आहे आणि त्याची ठरावीक कारणं आहेत. पोटातलं ५ लिटरहून जास्त पाणी काढलं की काढलेल्या प्रत्येक लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम देतात. पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला किंवा किडनी बसायला लागली तरी देतात. फक्त रिपोर्टमधला आकडा सुधारायला मात्र नाही. ब्रिटनमध्ये दाखल झालेल्या सिरोसिसच्या रुग्णांना आकडा वर नेण्यासाठी रोज अल्ब्युमिन देऊन पाहिलं होतं. २०२१ साली निष्कर्ष छापून आले: फायदा झाला नाही.

अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलंय. लिव्हरचं की हाडाचं?

ज्या आकड्यामुळे लोक सर्वात जास्त चुकीच्या डॉक्टरांकडे जातात तो हा. एएलपी हे एन्झाइम लिव्हरच्या पित्तनलिकांतून येतं, हाड रचणाऱ्या पेशींतून येतं, आणि आतडं व गरोदरपणातली वार यांतूनही येतं. मशीन सगळ्यांची मिळून एकच संख्या छापतं. रिपोर्टमध्ये ते 'एलएफटी'च्या, म्हणजे लिव्हरच्या तपासण्यांच्या, पानावर असल्याने लोक थेट लिव्हरकडे धावतात.

सोपा तोडगा: त्याच सॅम्पलवर जीजीटी करून घ्या. जीजीटी हे लिव्हरचं दुसरं एन्झाइम, ते हाडात नसतं. दोन्ही वाढलेली असतील तर कल पित्तमार्गाकडे: खडा, नळी दबणं, पित्तनलिकांचा दाह. मग सोनोग्राफी. एएलपी वाढलेलं आणि जीजीटी नॉर्मल असेल तर हाडांकडे बघा.

समजा, बत्तीस वर्षांची बाई. सहा महिने कंबर, मांड्या आणि बरगड्या दुखतायत. जमिनीवर मांडी घालून बसलेली असेल तर उठताना हात टेकावा लागतो, जिना चढताना कठडा धरावा लागतो, चाल थोडी डुलती झालीय. दोन ठिकाणी वाताची औषधं घेऊन झाली. रिपोर्ट असा: एएलपी ३१०, जीजीटी १८, कॅल्शियम ८.४, फॉस्फरस २.१, व्हिटॅमिन डी ७, पीटीएच (पॅराथायरॉईडचं हार्मोन) वाढलेलं. लिव्हरचा इथे काही संबंध नाही. हा ऑस्टिओमलेशिया, म्हणजे मुडदूस या आजाराचं मोठ्या माणसातलं रूप. हाड रचणाऱ्या पेशी जीव तोडून काम करतायत, म्हणून एएलपी चढलंय, पण त्या सापळ्यात भरायला कॅल्शियम-फॉस्फरस पुरेसं नाही. भरपूर ऊन असलेल्या आपल्या राज्यात हे सर्रास दिसतं, कारण ऊन अंगावर पडत नाही. व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम योग्य मात्रेत मिळालं की ही बाई काही महिन्यांत हात न टेकता उठते. निदानाच्या बाबतीत इतकं समाधान देणारे आजार थोडे.

हाडाचं एएलपी वाढण्याची इतर कारणं: भरून येणारं फ्रॅक्चर, थायरॉईड किंवा पॅराथायरॉईडचा जोर, पॅजेट नावाचा आजार, आणि प्रोस्टेट किंवा स्तनाच्या कॅन्सरचं हाडात पसरणं. फक्त हाडातलं एएलपी मोजायची वेगळी टेस्टही आता मिळते. पूर्वी लॅबमध्ये सॅम्पल ५६ अंशांवर दहा मिनिटं तापवत. हाडाचं एएलपी त्यात पटकन नष्ट होतं, लिव्हरचं बरंचसं टिकतं आणि वारेचं तर जवळजवळ सगळंच टिकतं.

मुलाचं एएलपी ३५० आलंय!

वाढीच्या वयात हाडं वाढतायत, एएलपी मोठ्यांच्या दुप्पट-तिप्पट असणारच. मुलांची रेंज वेगळी असते. रिपोर्टवर मोठ्यांची रेंज छापली गेली असेल तर लॅबला तसं सांगा. पाच वर्षांच्या आतल्या मुलांत कधी कधी ते हजारांत जातं आणि काही महिन्यांत आपसूक उतरतं. मूल खेळतंय, बाकी रिपोर्ट स्वच्छ आहेत, तर थांबून पुन्हा तपासायचं.

आणि खूप कमी आलं तर?

जस्ताची कमतरता, कुपोषण, किंवा हायपोफॉस्फेटेशिया नावाचा दुर्मीळ जनुकीय आजार, ज्यात दुधाचे दात मुळासकट लवकर पडतात. पण त्याआधी लॅबची चूक तपासा. रक्त काढताना जांभळ्या झाकणाच्या नळीतलं थोडं रक्त दुसऱ्या नळीत ओतलं गेलं, तर त्यातल्या ईडीटीए रसायनाने एएलपी आणि कॅल्शियम दोन्ही पडतात आणि पोटॅशियम आभाळाला भिडतं. हे त्रिकूट एका रिपोर्टवर दिसलं की आम्ही रुग्णाला पुन्हा बोलावतो.

हाडं ठिसूळ झालीत का हे रक्तावरून कळतं?

नाही. साध्या ऑस्टिओपोरोसिसमध्ये कॅल्शियम, फॉस्फरस, एएलपी सगळं नॉर्मल असतं. त्यासाठी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा स्कॅन. रक्तातली दोन मार्कर मात्र उपयोगी आहेत: पी१एनपी हाड बनण्याचा वेग सांगतो, सीटीएक्स हाड झिजण्याचा. दोन्ही हाडातल्या कोलॅजेन प्रोटीनचे तुकडे. उपचार लागू पडतोय का हे डेक्सामध्ये दिसायला वर्ष-दोन वर्षं लागतात, इथे तीन-सहा महिन्यांत कळतं. सीटीएक्स सकाळी उपाशीपोटीच द्यायचं. जेवणानंतर ते घसरतं, दुपारी दिलेल्या सॅम्पलवरून औषध लागू पडल्याचा भास होतो.

कॅल्शियम ७.९ आलंय, गोळ्या सुरू करू?

आधी अल्ब्युमिन बघा. रक्तातलं जवळजवळ निम्मं कॅल्शियम प्रोटीनला, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेलं असतं. अल्ब्युमिन २.५ असेल तर ४ मधून वजा करा, १.५ उरले, त्याला ०.८ ने गुणा, १.२. ते ७.९ मध्ये मिळवा: ९.१. म्हणजे नॉर्मल. हा अंदाज आहे. खात्री हवी असेल तर आयोनाइज्ड, म्हणजे प्रोटीनला न चिकटलेलं, कॅल्शियम करा.

एजी रेशो उलटा आलाय. घाबरू का?

घाबरण्याआधी ग्लोब्युलिन किती वाढलंय आणि कुठलं वाढलंय ते शोधायचं. यासाठी प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस ही टेस्ट. त्यात रक्तातली प्रोटीन विजेच्या प्रवाहात पळवतात आणि ती आपापल्या वेगाने वेगळी होतात. आलेखात डावीकडे अल्ब्युमिनचा उंच सुळका, मग अल्फा आणि बीटाचे छोटे उंचवटे, शेवटी गॅमाची पसरट टेकडी.

सिरोसिसमध्ये डावा सुळका बुटका होतो, गॅमाची टेकडी रुंद फुगते आणि बीटा व गॅमामधली दरी भरून जाते. अनेक जातींच्या अँटिबॉडीज एकदम वाढलेल्या असतात. टीबी, एचआयव्ही, ल्युपस यांतही टेकडी रुंदच. तरुण मुलीत एसजीपीटी आणि आयजीजी (अँटिबॉडीचा एक प्रकार) दोन्ही वाढलेलं असेल तर ऑटोइम्यून हिपॅटायटिस, म्हणजे प्रतिकारशक्तीनेच केलेला लिव्हरचा दाह, शोधावा लागतो, कारण त्याला स्टिरॉइडचा गुण येतो.

गॅमाच्या जागी अरुंद, टोकदार सुळका दिसला तर गोष्ट वेगळी. एकाच प्लाझ्मा पेशीची पिलावळ वाढून एकच प्रोटीन ओतते आहे. हा एम-बँड, आणि त्यामागचा मोठा आजार म्हणजे मल्टिपल मायलोमा, प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर. समजा, चौसष्ट वर्षांचे गृहस्थ. पाठ तीन महिने दुखतेय, 'गॅप' म्हणून पट्टा आणि पेनकिलर चालू. रिपोर्ट: टोटल प्रोटीन ९.८, अल्ब्युमिन ३.१, ग्लोब्युलिन ६.७, हिमोग्लोबिन ८.४, क्रिएटिनिन १.९, कॅल्शियम ११.२, म्हणजे अल्ब्युमिन जमेस धरून ११.९. आणि एएलपी ८४, अगदी नॉर्मल. हाडं पोखरली जात असताना एएलपी नॉर्मल कसं? मायलोमा हाड खाणाऱ्या पेशींना चेतवतो आणि रचणाऱ्यांना गप्प करतो. रचणाऱ्या थांबल्या तर एएलपी येणार कुठून? याच कारणाने साधा बोन स्कॅनही हा आजार चुकवू शकतो. अशा माणसाने पेनकिलर घेत राहणं किडनीला फार महाग पडतं.

काही रुग्णांत पूर्ण अँटिबॉडी न बनता तिचे छोटे तुकडेच बनतात आणि लघवीतून जातात. लघवीच्या पट्टीला ते दिसत नाहीत, पट्टी अल्ब्युमिनलाच ओळखते. १८४५ मध्ये लंडनला हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे एका रुग्णाची लघवी तपासायला आली होती. त्यातलं प्रोटीन तापवल्यावर विरघळायचं आणि थंड झाल्यावर पुन्हा साकळायचं. आज सीरम फ्री लाइट चेन ही रक्ताची टेस्ट ते काम करते.

छोटा एम-बँड सापडला म्हणजे मायलोमाच असंही नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटात केलेल्या पाहणीत पन्नाशीपुढच्या शंभरातल्या तिघांत तो सापडला. त्यातून मायलोमासारखा आजार होण्याचं प्रमाण वर्षाला साधारण एक टक्का. त्यांना औषध नको, पण ठरलेल्या वेळी तपासणी हवी.

लिव्हरच्या आजारात हाडंही जातात का?

जातात, आणि याकडे फार दुर्लक्ष होतं. व्हिटॅमिन डी वरची पहिली प्रक्रिया लिव्हरमध्येच होते, आणि त्याला रक्तातून वाहून नेणारं प्रोटीनही लिव्हरच बनवतं. पित्त नीट उतरलं नाही तर डी आणि के ही व्हिटॅमिन शोषली जात नाहीत. त्यात दारू, स्टिरॉइड, झडलेले स्नायू. पित्तनलिकांच्या जुन्या आजारात एएलपी आणि जीजीटी दोन्ही वाढलेलीच असतात, म्हणून वर सांगितलेली युक्ती इथे हाडाबद्दल काहीच सांगत नाही. डेक्सा वेगळा करावा लागतो.

एएफपी नॉर्मल म्हणजे लिव्हरचा कॅन्सर नाही?

तसं म्हणता येत नाही. एएफपी हे लिव्हरच्या कॅन्सरच्या तपासात मोजतात ते प्रोटीन. लिव्हरच्या कॅन्सरच्या बऱ्याच रुग्णांत, विशेषतः गाठ लहान असताना, एएफपी वाढतच नाही. उलट गरोदरपणात आणि हिपॅटायटिसमध्ये कॅन्सर नसताना वाढतं. सिरोसिस असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, सोबत एएफपी. धडधाकट माणसाच्या 'फुल बॉडी' पॅकेजमध्ये ही टेस्ट कशाला घालतात ते मला कळलेलं नाही.

सेरुलोप्लाझ्मिन कोणी करायचं?

मुलांत किंवा तरुणांत कारण न सापडणारा लिव्हरचा आजार, हात थरथरणं, अक्षर बिघडणं किंवा स्वभाव बदलणं असेल तर. विल्सन आजारात शरीरात तांबं साठतं आणि तांबं वाहून नेणारं हे प्रोटीन सहसा २० च्या खाली जातं. लवकर सापडला तर गोळ्यांवर आयुष्य नीट जातं. भावंडांचीही तपासणी करा.

सॅम्पल देण्याआधी काय पाळायचं?

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर सांगा. पीटीएच, थायरॉईड, सीटीएक्स अशा काही टेस्ट त्याने खोट्या येतात, म्हणून दोन-तीन दिवस आधी थांबवायला सांगतात. आदल्या दिवशी जोराचा व्यायाम नको. आणि झोपलेल्या माणसाचं अल्ब्युमिन उभ्या माणसापेक्षा कमी भरतं, दहा टक्क्यांपर्यंत. वॉर्डातला आणि बाहेरचा आकडा जुळला नाही तर लगेच लॅबला दोष देऊ नका.

टेस्ट पुन्हा कधी करायची?

अल्ब्युमिन दर चार दिवसांनी करून हाती काही लागत नाही, तीन-चार आठवडे जाऊ द्या. ताज्या काविळीत आयएनआर मात्र रोजसुद्धा लागू शकतो. एसजीपीटी थोडंसंच वाढलं असेल तर दारू, काढे, सप्लिमेंट बंद करून महिन्याभराने. ऑस्टिओमलेशियाच्या उपचारात एएलपी सुरुवातीचे काही आठवडे आणखी चढू शकतं, कारण अडकलेलं हाडाचं काम सुरू झालेलं असतं. त्या वेळी घाबरून गोळ्या सोडू नका. ते पूर्ण उतरायला कित्येक महिने लागतात, दुखणं त्याच्या बरंच आधी थांबतं.